मैत्रिणीच्या मतदानाचा शनिवार

माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीवर मी जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या मोठ्या मनाची वाट बघत बसायला नको. तिच्या गळ्यावर जळते का, तर थोडी. सेहेचाळिसाव्या वर्षी तिला कॉलेजातले पंजाबी ड्रेस होतात, त्यावरही थोडी. पण ते आपलं वरवरचं. खरं पोटात दुखतं ते एकाच गोष्टीवरून. तिला या देशात मत आहे आणि मला नाही.

पुण्याच्या हॉस्टेलवर आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. ती सांगलीची, मी अमरावतीची. ती गायची आणि मी स्टीलच्या डब्यावर ठेका धरायचे. आता इथे अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात, आमची घरं आठ मिनिटांच्या अंतरावर आहेत. दर शनिवारी दुपारी तीनला मी तिच्याकडे जाते. माझा नवरा त्या वेळी क्रिकेटला गेलेला असतो, तिचा वर झोपलेला असतो. आमचा क्रम ठरलेला आहे. आधी चहा आणि पॉलिटिक्स, मग गाणं, मग हॉस्टेलच्या आठवणी. आठवणी शेवटी, कारण त्यात मेसच्या आमटीला नावं ठेवण्यापलीकडे काही भांडण नसतं. गाण्यात मात्र कधी कधी होतं, आणि पॉलिटिक्समध्ये नेहमीच.

भांडण म्हणजे काय, तर बोलायचे मी आणि ती चिवडा खायची. मला सगळं ठाऊक. काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, कमिशनर कोण, स्कूल बोर्डावर कुणाची टर्म संपतेय, इथे जज्जही निवडून देतात तर कुठल्या जज्जाने कुठला निकाल दिला. आमच्या राज्यात माती आणि पाण्याच्या जतनासाठीसुद्धा एक माणूस निवडून देतात. त्या जागेला कोण उभं आहे हे इथे जन्मलेल्या लोकांना माहीत नसतं, मला असतं. आणि हिला काय? मी पंधरा मिनिटं घसा कोरडा करून सांगितलं की ही बशीतले शेंगदाणे वेचत विचारणार, "हा तोच का, उंच आहे तो?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवाने चणे दिले कुणाला आणि दात कुणाला, असं काहीतरी मनात यायचं, आणि मी तर देवही मानत नाही.

हे वेड मला वडिलांकडून आलं. ते शाळेत मास्तर होते आणि वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. ढोलकी माझ्या भावाने शिकावी अशी त्यांची फार इच्छा, पण त्याचा हात बसेना. मी नुसती बाजूला बसून शिकले. जयंतीच्या कार्यक्रमात विहारासमोर मी पहिल्यांदा वाजवली तेव्हा बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. आणि मतदानाच्या दिवशी वडिलांचं एक असायचं. पहाटे उठून घासून आंघोळ, पांढरा इस्त्रीचा शर्ट, नवीन वहाणा असतील तर त्या. आई म्हणायची, लग्नाला चाललात का. ते म्हणायचे, आपल्या आज्याला गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं, आणि मला पाटलाच्या पुढे उभं राहून बोटाला शाई लावून घेता येते, मग नीट कपडे घालून नको जायला? मी लहानपणी त्यांच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत जायचे आणि बाहेर थांबायचे. अठरा पूर्ण झाल्यावर आत जाऊन मत दिलं ते दोनदा. मग अमेरिका. वडील गेले त्या वर्षी मी घरी होते, तेव्हा मुद्दाम जाऊन मतदार यादी बघितली. वारलेल्या वडिलांचं नाव होतं, जिवंत माझं नव्हतं.

आता मैत्रिणीला मत कसं मिळालं आणि मला का नाही, ते सांगते. इथे आम्ही एकाच वर्षी आलो, ती इकडे, मी न्यू जर्सीला. दोघींच्या कंपन्यांनी ग्रीन कार्डाचे अर्ज केले. या अर्जाचं एक असतं. तो एका टप्प्यापर्यंत पोचला की रांगेतला नंबर तुमचा होतो, मग नोकरी बदलली तरी तो कुणी काढून घेत नाही. त्याच्या आधी नोकरी सोडली तर सगळं पहिल्यापासून. माझा अर्ज टप्प्याच्या अलीकडे होता. वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं की सात-आठ महिने हलू नका. त्याच आठवड्यात हिचा फोन आला. आमच्या शेजारच्या कंपनीत तुझ्यासारखीच जागा निघालीय, तू ये. मी इथे पेटी घेऊन एकटीच बसते, ठेका धरायला कुणी नाही, फार वाईट वाटतं गं. मी आले. कुणी ढकललं नाही, कुणी फसवलं नाही. आपल्या पायाने रांगेतून बाहेर पडले. नव्या कंपनीने अर्ज भरायला तीन वर्षं लावली, आणि तेवढ्यात भारतातून आलेल्यांची ती रांग इतकी लांबली की अजून माझा नंबर नाही. हिचा लागला. कार्ड आलं, पाच वर्षं झाली, नागरिकत्वाची शपथ झाली आणि मत मिळालं.

ते सात-आठ महिन्यांचं मी हिला कधी सांगितलं नाही. तिने विचारलं तेव्हा वकिलाने घोळ घातला म्हणून सांगितलं. माझा नवरा म्हणायचा, सांगून टाक एकदा, मन मोकळं होईल. मला मोकळं व्हायचंच नव्हतं. आतल्या आत एक हिशेब धरून ठेवला होता, की माझं हिच्याकडे काहीतरी आहे.

शपथेनंतर तिने पार्टी दिली. मी पुरणपोळ्या करून नेल्या, सतरा. सगळ्यांनी वाहवा केली. पुरण वाटताना माझ्या मनात काय चाललं होतं ते पोळ्या खाणाऱ्यांना कळलं असतं तर घास उतरला नसता. त्या दिवशी तिने एक गाणं म्हटलं, माझ्या वडिलांच्या पार्टीतलं, मीच तिला शिकवलेलं. माझ्यापेक्षा चांगलं म्हणते ती ते. इथल्या महाराष्ट्र मंडळातले एक काका डोळे पुसत तिला म्हणाले की बाई, तुमच्याकडून हे ऐकून धन्य झालो. मी शेजारी तबल्यावर होते. गाणं कुणाचं, हे तिने सांगितलं, नाही असं नाही, दोनदा सांगितलं. काकांनी मान हलवली आणि तिलाच परत धन्य म्हणाले.

आणि मग आली तिची पहिली निवडणूक. मी त्या मंगळवारी ऑफिसात बसून तिला चार मेसेज केले, केलंस का, केलंस का. संध्याकाळी तिने लिहिलं, अगं दाताची अपॉइंटमेंट होती, मग ट्रॅफिक लागला, राहिलंच. राहिलंच! दळण राहतं, इस्त्री राहते. मी फोन सोफ्यावर भिरकावला. तीन शनिवार सर्दीचं कारण सांगून गेले नाही. नवरा म्हणाला, तुझी सर्दी जरा जास्तच चालली. मी त्याला म्हटलं, तू तुझं क्रिकेट बघ.

म्हणून यंदा मी ठरवलं की हिच्यावर सोडायचं नाही. दोन महिने आधीपासून शनिवारी वाचून दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक उमेदवार काय म्हणतो, आधी काय केलं, कुणाचे पैसे घेतले. आमच्या इथे मतपत्रिका कागदाची असते, दोन्ही बाजूंनी छापलेली. नावापुढचा गोल पेनने काळा करायचा. आत जाताना आपली टिपणं नेली तर चालतात, हेही मी शोधून काढलं. मग एक कागद तयार केला. मतपत्रिकेच्या क्रमाने जागा, पुढे नाव, अगदी माती-पाण्याच्या माणसासकट. सगळ्यात वरची राष्ट्राध्यक्षाची जागा तेवढी मोकळी ठेवली, कारण तिथे काय ते ती करणार, एवढी लाज मला होती. बाकी सगळं मी भरलं. तिने कागद हातात घेतला, घडी घातली आणि हसून म्हणाली, "बरं झालं बाई, मला कुठे कळतं. तुझंच मत समज."

हे वाक्य तिने सहज म्हटलं असेल. मी मात्र ते घरी घेऊन गेले. आठवडाभर लॅबमध्ये सॅम्पल लावताना, फ्रीवेवर, भाजी चिरताना माझ्या मनात एकच, की शनिवारी मी मत देणार आहे. माझ्या आवडीची माणसं, माझा कागद, हात नुसता तिचा. इतक्या वर्षांनी का होईना, तिच्याकडे अडकलेलं परत मिळणार होतं. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. मी कुणाला सांगितलं नाही.

मुख्य मंगळवारच्या आधीच इथे मतदान सुरू होतं, आणि ते शनिवारीही असतं. सकाळी मी घासून आंघोळ केली आणि पांढरा कुर्ता इस्त्री करून घातला. इथेच जन्मलेली, आता कॉलेजला गेलेली माझी मुलगी त्या वीकेंडला घरी होती. तिने मला आपादमस्तक बघितलं आणि इंग्रजीत म्हणाली की मॉम, यू नो यू कान्ट व्होट, राइट? मला माहीत आहे, मी म्हटलं, मावशीबरोबर चाललेय. तिने स्वतःचं मत युनिव्हर्सिटीतच कधीच देऊन टाकलं होतं. कुणाला दिलं हे मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. तिच्यावर जळायला माझं मन धजत नाही. आईने काही मर्यादा ठेवायला हवी.

मैत्रीण आली ती ट्रॅक पँट घालून. केसांना क्लिप. ट्रॅक पँट घालून मत द्यायला जातात हे मला झेपेना. कम्युनिटी सेंटरच्या बाहेर लांब रांग होती. तंबूखाली उभे उमेदवारांचे लोक हातात कागद देत होते, मीही घेतले, सगळे घेतले. रांगेत मी तिच्याबरोबर सरकत राहिले आणि तिला पुन्हा पढवत राहिले, मागची बाजू विसरू नकोस, जज्ज मागे आहेत. दाराशी एक म्हातारी अमेरिकन बाई बसली होती. तिने माझ्याकडे बघून फार गोड आवाजात विचारलं, तुम्हीही आज मत देणार ना? मी म्हटलं, नाही, मी हिच्याबरोबर आलेय. ती म्हणाली, मग तुम्ही बाहेर बाकावर बसा हं. बाकावर दोन लहान मुलं चिप्स खात होती. मी त्यांच्या शेजारी पांढऱ्या कुर्त्यात बसले.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. छातीवर मतदान केल्याचा स्टिकर. मी उठून जवळजवळ धावतच गेले. झालं का, मागची बाजू केलीस का, माती-पाणी केलंस का. ती म्हणाली, केलं सगळं, चल. गाडीत बसेपर्यंत तिने माझ्याकडे नीट बघितलं नाही, तेव्हाच मला शंका आली. मी हात पुढे केला आणि माझा कागद परत मागितला. तिने पर्समधून काढून दिला. त्यावर पेनाने खुणा होत्या. सातआठ नावांवर काट मारून बाजूला दुसरी नावं लिहिली होती, तिच्या त्या गोल गोल अक्षरात.

मी विचारलं हे काय आहे. तिने सांगायला सुरुवात केली, आणि शांतपणे सांगत होती हे त्याहून वाईट. स्कूल बोर्डासाठी मी लिहिलेला माणूस हिशेबाला पक्का होता, म्हणून मी त्याला घेतलं होतं. पण तो शाळांतलं संगीत कमी करायचं म्हणतो, ते तूच वाचून दाखवलंस ना त्या शनिवारी, ती म्हणाली. माझी पोरगी शाळेच्या कॉयरमुळे माणसात आली, तिच्यासाठी मी दुसऱ्या बाईंना दिलं. एका जज्जाचं तिने स्वतः वाचलं होतं. माती-पाण्याच्या माणसाला तर तिने फोन केला होता. फोन! मी इतकी वर्षं त्या जागेचा जप करतेय, मला कधी सुचलं नाही की त्या माणसाला फोन करता येतो.

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. शेंगदाणे वेचणारी बाई उमेदवाराला फोन करते, हे माझ्याच शनिवारांचं फळ होतं. पण मला ती अडाणीच हवी होती. ती अडाणी होती तोवर ते मत निम्मं माझं होतं. आता ते सगळंच्या सगळं तिचं झालं, आणि माझ्या तोंडून इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडलं.

"ते मत माझं होतं. तू बोलावलंस म्हणून मी रांग सोडून आले. आठ महिने थांबले असते तर आज मी आत असते आणि तू बाहेर बसली असतीस तरी मला चाललं असतं."

तिने गाडी सुरू केलेली बंद केली. म्हणाली, "मला माहीत आहे."

माझ्या नवऱ्यानेच सांगितलं होतं, तिच्या शपथेच्या पार्टीत, भांडी विसळताना. त्याला वाटलं, एव्हाना मी सांगून टाकलं असेल. म्हणजे इतके शनिवार ती हे पोटात ठेवून माझ्यासमोर बसत होती आणि मी तिला सीनेटच्या जागा मोजून दाखवत होते.

"मागच्या वेळी दातबीत काही नव्हतं," ती म्हणाली. "मी इथेच आले होते. पार्किंगमध्ये अर्धा तास बसले. म्हटलं, हे देऊन मी शनिवारी तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने बसू? तुझा चेहरा दिसतो गं. पुरणपोळ्या वाढत होतीस तेव्हाही दिसत होता. मग घरी गेले."

मला वाटत होतं की मी फार छान लपवते. लॅबमधल्या लोकांपासून लपतं, सासूपासून लपतं. हिच्यापासून काय लपणार, चार वर्षं एका खोलीत झोपलोय. पण ते सोडा. मी त्या मास्तरांची मुलगी. ज्यांनी ताप असतानाही रिक्षा करून मत दिलं त्यांची. आणि माझ्या जळण्याने एका बाईला मतदान केंद्राच्या दारातून परत पाठवलं होतं. गावच्या पाटलानेसुद्धा माझ्या वडिलांना परत पाठवलं नव्हतं. मला इतकी शरम वाटली की मी तिच्यावरच ओरडले. मूर्ख आहेस का तू, म्हटलं, म्हणजे त्या वर्षी दोघींची मिळून दोन मतं गेली, माझं आणि तुझं, आणि मी तुझ्या दातांना शिव्या घालत बसले. तिला हसू आलं. मला आलं नाही. मी रडले, आणि ती रुमाल देऊन गाडी चालवायला लागली. त्या दिवशी चहा नाही, गाणं नाही. तिने मला घराशी सोडलं आणि उतरताना म्हणाली की शनिवारी ये, सर्दी आणू नकोस.

पुढच्या शनिवारी मी गेले. माझ्या मनात एक छान वाक्य तयार होतं, की तू केलंस ते योग्य केलंस, मला अभिमान वाटतो. आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. चहा झाला. तिने त्या माती-पाण्याच्या माणसाचं काय काय सांगितलं, तलावांचं आणि शेताच्या बांधांचं, आणि प्रथमच मी चिवडा खात होते आणि ती बोलत होती. ती चांगलं बोलत होती. मला अर्ध्या गोष्टी माहीत नव्हत्या. ते तयार वाक्य काही तोंडातून निघेना.

तिने पेटी काढली, मी तबला. सूर लावता लावता मला राहवलं नाही. कागदावर मी मोकळी सोडलेली ती सगळ्यात वरची जागा, तिथे तिने काहीच लिहिलं नव्हतं, हे मी आठवडाभर बघत होते.

"एवढं तरी सांग," मी म्हटलं. "वरचं कुणाला दिलंस?"

तिने पेटीचा भाता थांबवला नाही. म्हणाली, "नाही सांगणार. सांगितलं की ते तू तुझं करून टाकशील."

मी मान खाली घालून तबला जवळ ओढला. खोटं कशाला बोलू, मी तेच करणार होते.